'व्ह्यूसाठी झाडं काढून मिळतील' म्हणे

सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर एकाने पीडीएफ टाकलं, उत्तराखंडात, कुमाऊंत मुक्तेश्वरच्या बाजूला प्लॉट, तिघेचौघे मिळून घेऊया वगैरे. आणि खाली बारीक अक्षरात, 'हिमालय व्ह्यूसाठी झाडं काढून मिळतील'. चहा घशाखाली उतरेना राव. फोटोतली ती झाडं बांजाची आहेत.

बांज म्हणजे तिकडचा ओक, बारा महिने हिरवा. (आपल्याकडे ओक म्हटलं की आडनावच, असो.) तीन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा मीपण चीडचे (तिकडचा पाइन) ते उंच उंच सोट बघून येड्यासारखे फोटो काढत होतो. होमस्टेच्या आमा (म्हणजे आजी), सत्तरीच्या, पाठीवर पाल्याचा भारा, थांबल्या आणि भाऱ्यातलं एक पान उपसून माझ्या तळहातावर उलटं ठेवलं. वरून गडद हिरवं, कडेला करवतीचे दाते, खालून पांढरं, पीठ माखल्यासारखं. म्हणाल्या, "ये है तो पानी है."

तो भारा म्हशीला. वाळलेली पानं गोठ्यात अंथरायला, मग तीच शेणामुतात कुजून शेतात खत. लाकूड चुलीला, नांगराला, कुदळीच्या दांड्याला. आणि रानात पानांच्या थराखालची माती अशी मऊ की पावसाचं पाणी धरून ठेवते, आमांचा नौला (झऱ्यावरचं दगडी कुंड) त्या बांजाच्या खालच्याच अंगाला. चीडखाली काय? पिरूल. वाळक्या सुयांचा गालिचा, उन्हाळ्यात एक काडी पडायचा अवकाश. तरी चीड वाढवला कोणी, तर इंग्रजांनी, लीसा (चीडचा चिकट डिंक) आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी. 1921 ला कुमाऊंतल्या लोकांनी जंगलं पेटवली ती चीडची. खुळे होते का ते?

हो, मान्य, गावातलेही फांद्या ओरबाडून ओरबाडून झाडाचा खराटा करतात, हे आमाच बोलल्या. पण ते म्हशीसाठी. आपण कशासाठी, गॅलरीत बसून मॅगी खायला?

आईला तेव्हा फोनवर 'बांज' सांगितलं तर म्हणते, "वांझ? पाणी देणाऱ्या झाडाला असलं नाव?" आमांना सांगितलं तर केवढ्या हसल्या, पदर तोंडाला लावून.

जाऊदे. पीडीएफवाला माणूस वाईट नाहीये, बाबांच्या ऑपरेशनला रात्री दोनला रक्त द्यायला आलेला. म्हणून ग्रुपवर भांडलो नाही. ते पान अजून माझ्या डायरीत आहे, वरून तपकिरी झालंय, खालून अजून फिक्कट. उलटं ठेवून फोटो काढला आणि त्याला पर्सनलवर पाठवला.

ब्लू टिक आलीय. टायपिंग टायपिंग दिसतंय मघापासून.