मागच्या सीटवर नव्हतास, गल्ल्यावर होतास

शनिवारी संध्याकाळी श्रीकांत कट्ट्यावर आला तो पायाला प्लास्टर आणि मुलाच्या खांद्यावर हात, असा. प्रकरण नौपाड्यात आता सगळ्यांना पाठ आहे. उलट्या बाजूने आलेला डिलिव्हरीवाला, श्रीकांतची अ‍ॅक्टिव्हा आणि रस्ताभर पनीर टिक्का. नवीन होतं ते श्रीकांतने भरपाई मागितल्यावर डिलिव्हरी कंपनीने दिलेलं उत्तर. नानांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल नाकाजवळ धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, ‘संबंधित डिलिव्हरी पार्टनर हे आमचे कर्मचारी नाहीत.’

“बरोबरच आहे,” शेठ म्हणाला.

शेठ म्हणजे आमचा संजय. वागळे इस्टेटला फॅब्रिकेशनची शेड, एक टेम्पो आणि पाच माणसं. बोलतो मात्र असा, की अख्खी एमआयडीसी याच्या खिशातून चालते. “चूक करणार पोरगा आणि भरणार मालक? मी काय त्याच्या मागच्या सीटवर बसलो होतो?”

“मागच्या सीटवर नव्हतास,” नाना म्हणाले, “गल्ल्यावर होतास.”

नाना ठाणे कोर्टातून बेंच क्लार्क म्हणून निवृत्त झाले. अजूनही वकील रस्त्यात थांबवून सल्ला विचारतात, असं ते स्वतःच सांगतात. “1862 सालचं लंडन. घोड्यांच्या बस. कंपनीने ड्रायव्हरला छापील कागद दिलेला, दुसऱ्या बसशी शर्यत लावायची नाही. पठ्ठ्याने लावलीच, समोरची बस उलटवली. कंपनी म्हणते, आम्ही मनाई केली होती. कोर्ट म्हणालं, केली असेल, पण बस तुमच्याच धंद्यासाठी हाकत होता ना? भरा.”

“1862?” मंग्याने हिशेब केला. “ठाण्याला रेल्वे येऊन 9 वर्षं झाली होती. नानांचा तेव्हा पास असणार.”

“लंडनचं इथे नको,” शेठ.

“मग नागपूरचं घे. 1960 साल. जिनिंग कंपनीचा मॅनेजर कंपनीच्या गाडीने पांढुर्ण्याला निघाला, ओळखीच्या माणसाला बरोबर घेतलं. अपघातात तो माणूस गेला. बायको भांडत भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 1977 ला कंपनीला भरावे लागले. बघायचं एवढंच, की माणूस कामावर होता की स्वतःची मजा करायला गेला होता.”

प्रज्ञा ऐरोलीला एका कंपनीत एचआरला आहे, त्यामुळे बारीक अक्षर वाचायची तिला खोडच. “पण नाना, हे नोकराचं झालं. स्वतंत्र ठेकेदार असेल तर काम देणारा सहसा अडकत नाही. आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचाच धरलाय.”

“ती त्या पोराला योजना मिळाव्यात म्हणून केलेली व्याख्या. श्रीकांतच्या नडगीबद्दल त्यात अक्षर नाही. तू घरी रंगारी बोलावतेस, तेव्हा ब्रश कुठला, जेवायला कधी जायचं हे तो ठरवतो. इथे रस्ता अ‍ॅप दाखवतं, पैसे अ‍ॅप ठरवतं, गिऱ्हाइकाने तारे कमी दिले की आयडीही अ‍ॅपच बंद करतं. पार्टनर म्हणे! पार्टनरला कधी नफ्याचा हिशेब दाखवलाय?”

मला विचाराल तर विषय इथेच संपला होता. कोर्टात संपेल की नाही, ते श्रीकांतच्या वकिलाला माहीत. पण नानांना राहवलं नाही. “आणि शेठ, तू तर बोलूच नकोस. माझे भिशीचे 5,000 अजून यायचेत.”

झालं! 2011 सालची गोष्ट. भिशी शेठ चालवायचा. नानांनी हप्ता शेडच्या गेटवर बाळू ड्रायव्हरकडे दिला आणि बाळूने तो खाल्ला. शेठने हात वर केले. बाळूला मात्र काढलं नाही, कारण तो वहिनींच्या गावचा.

“आता बोला,” शेठला चेव आला. “बाळू माझा नोकर. मग मी जबाबदार का नाही?”

नाना चहाकडे बघत राहिले. मग कडू औषध प्यावं तसं म्हणाले, “1978 ला स्टेट बँकेची केस झाली. बाईच्या घरच्यांनी बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडे पैसे भरायला दिले, त्याने गिळले. कोर्ट म्हणालं, मित्र म्हणून दिले, बँकेचा नोकर म्हणून नाही. बँक सुटली. बाळूकडे मीही ओळखीनेच दिले. त्याचं काम टेम्पो चालवायचं, भिशी गोळा करायचं नाही.”

“म्हणजे मी बरोबर होतो!” शेठ उभाच राहिला. “इतकी वर्षं मला चोर म्हणताय!”

“सुटलास म्हटलं. बरोबर होतास असं कोण म्हणालं?”

एवढ्यात चहावाला गणपत वही घेऊन आला. “शेठ, बाळूचे 14 कटिंग, 6 बनमस्का. तुमच्या नावावर लिही म्हणाला.”

“मी कधी सांगितलं त्याला?”

नानांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. “गणपत, येतो कधी हा?”

“रोज दुपारी. माल पोचवला की टेम्पो इथेच लावतो.”

“ड्युटीवर,” आम्ही चौघे एकदम ओरडलो. हसताना श्रीकांतचा प्लास्टरचा पाय बाकड्यावर आपटला आणि तो कळवळतच हसत राहिला.

शेठने पाकीट काढलं, नोटा मोजल्या. “चहाचे देतो. बनमस्का त्याची स्वतःची मजा.”