खानापूरच्या अण्णांना, फिल्म का सुटली त्याचं उत्तर

अण्णा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. घरी सर्किट बोर्ड करायला मी लिहिलेल्या पद्धतीनं तुम्ही तांब्यावर उजेडानं कडक होणारी निळी फिल्म लावलीत, पण पहिल्या बोर्डाची फिल्म सोड्यात घातल्याबरोबर सगळी सुटून आली, दुसऱ्याच्या लाईनी तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराईडमध्ये तुटल्या, मग वैतागून सगळं मोरीत ओतलं, आणि ह्यापेक्षा लेझर प्रिंटचा टोनर इस्त्रीनं तांब्यावर उतरवणंच बरं, असं तुम्ही लिहिलंय. राग येणारच, फिल्म काय फुकट मिळत नाही. पण पद्धत खोटी नाही की, मी दिव्याखाली ठेवायची वेळ म्हणून नुसतं दीड मिनिट लिहून टाकलं ती चूक माझी.

ही फिल्म निगेटिव्ह, जिथं यूव्ही (अतिनील) उजेड लागला तिथं कडक होते, बाकीची सोड्यात विरघळते. सगळीच सुटली म्हणजे बहुतेक ती कच्ची राहिली. माझा दिवा पार्लरमधला नखं वाळवायचा, तुमचा दिवा वेगळा, अंतर वेगळं, मग माझी वेळ तुम्हाला कशी चालणार? क्लॅडचा, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या कोऱ्या बोर्डाचा, तुकडा घ्या, फिल्म आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकवरची सर्किटची छपाई लावा, वर पुठ्ठा धरून दर 30 सेकंदाला बोटभर सरकवत जा, मग फिल्मवरचं प्लॅस्टिक काढून सोड्यात धुवा, ज्या पट्टीत फिल्म घट्ट राहते आणि काळ्या छपाईखालची साफ निघते ती तुमची वेळ. आणि सोडा धुण्याचा, लिटरभर पाण्याला 10 ग्रॅम, बास. दुकानदारानं कॉस्टिक सोडा दिला असेल तर कडक झालेली फिल्मसुद्धा उतरते, तो शेवटी फिल्म काढायला वापरतात.

लाईनी तुटल्या त्याला मला आपला पाऊस दिसतोय. जुलैत खानापुरात कपडे वाळत नाहीत तिथं तांबं कोरडं कुठनं राहणार! बोर्ड घासल्यावर गरम करून पूर्ण सुकवा आणि मगच फिल्म चिकटवा, आणि छपाईची शाईची बाजू फिल्मला टेकलेली पाहिजे, उलटी ठेवली तर मधल्या प्लॅस्टिकच्या जाडीतून उजेड आत शिरतो आणि बारीक लाईनींची कड बिघडते.

जाड लाईनींना इस्त्री चालते, मीपण वर्षानुवर्षं तेच केलं, पण आयसीच्या (चिपच्या) दोन पायांमधनं लाईन काढायची तर फिल्मच.

मोरीचं मात्र मनाला लागलं. आपल्याकडं घरामागं विहिरी आहेत अण्णा, त्या पाण्यात तांबं गेलेलं चालणार नाही. फेरिक क्लोराईड प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून ठेवा, एका बाटलीत बरेच बोर्ड निघतात. तुकड्यावर टेस्ट झाली की फोटो पाठवा, कुठं अडलं ते बघू.