गोडव्यापलीकडचा राखमानिनॉव्ह
रशियन संगीतकार राखमानिनॉव्ह केवळ गोड चालींमुळे टिकला, असं मत एका लेखात वाचलं. ते अजिबात पटलं नाही. त्याच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोची (१९०१), म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेची, सुरुवातच ऐका. एकटा पियानो, आधी अगदी हळू, मग घंटेसारखा चढत जाणारा. आणि मुख्य धून येते ती व्हायोलिनांवर. पियानो चक्क साथीला बसतो! मुख्य वादकाला असं मागे ठेवायला धाडस लागतं. 'ग्रोव्ह' या नामांकित संगीतकोशाने १९५४ मध्ये राखमानिनॉव्हची लोकप्रियता टिकणार नाही असं भाकीत केलं होतं. पण २०२२ च्या व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धेत अठरा वर्षांच्या युनचान लिमने अंतिम फेरीत राखमानिनॉव्हचाच तिसरा कॉन्चेर्टो वाजवला आणि स्पर्धा जिंकली. यूट्यूबवर ते वादन कोटीहून अधिक वेळा पाहिलं गेलंय. शेवटची पाच मिनिटं तरी ऐकाच.