‘लग्न लावून द्या, होईल सगळं ठीक’

परवा रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर एक काकी दुसरीला सांगत होत्या, “पोराचं तसलं काहीतरी आहे म्हणे. लग्न लावून द्या, होईल सगळं ठीक.” मी काही न बोलता गाडी काढली. पण असाच मी एकदा गप्प बसलो होतो आणि त्याचा जाब मला पुढे चर्चच्या विवाह न्यायालयात द्यावा लागला, म्हणून आज लिहितोय.

लग्न माझ्या बालमित्राचं. (दोघांना विचारून लिहितोय, कृपया इनबॉक्समध्ये नावं विचारू नका.) त्याला बायकांबद्दल ओढ नाही हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं. घरच्यांनाही कुणकुण होती, म्हणून तर एवढी घाई. चर्चमध्ये रीतसर नावं वाचली गेली, कुणाला अडचण माहीत असेल तर कळवा म्हणून. कुणीच कळवलं नाही. मी तर बेस्टमन होतो. आमच्या वसईकडच्या लग्नात बेस्टमनला नाचायचं सोडून दुसरं काय काम!

चार वर्षांनी त्याच्या बायकोने अनलमेंटसाठी अर्ज केला आणि गावात एकच प्रश्न सुरू झाला, “पोरगी झाली ना? मग लग्न बाद कसं?”

तर ते असं. अनलमेंट म्हणजे घटस्फोट नव्हे. झालेलं लग्न तिथे मोडत नाहीत; ते मुळात झालं होतं का, हे तपासतात. कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे, लग्न घडतं ते दोघांच्या संमतीने. ती संमतीच पोकळ असेल तर वरचा मांडव, बँड, केक सगळं हवेत. १९८३ च्या संहितेतलं कलम १०९५ सांगतं की मानसिक स्वरूपाच्या कारणामुळे ज्याला लग्नाची मूलभूत कर्तव्यं पेलताच येत नाहीत, तो लग्न करायलाच असमर्थ. कलम १०९८ फसवणुकीचं. संमती मिळवण्यासाठी, सहजीवन उद्ध्वस्त करू शकेल अशी गोष्ट कपटाने लपवली, तरी लग्न अवैध. हे दुसरं कलम १९१७ च्या जुन्या संहितेत नव्हतंच.

समलैंगिकता मात्र विवाहाच्या अडथळ्यांच्या यादीत नाही. ‘तो तसा आहे’ एवढ्यावर कुठलंही लग्न आपोआप बाद होत नाही. कायदा लग्नाच्या बाजूने उभा असतो, सिद्ध करायचं ते अर्जदाराने. शिवाय लग्न वैध आहे असं मांडायला एक बंधरक्षक नेमलेला असतोच. ‘पैसे भरा, अनलमेंट घ्या’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या प्रश्नांना तोंड देऊन बघावं.

मला खटकतो तो ‘मानसिक’ हा शब्द. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ मध्येच काढली होती. मित्राला न्यायालयाने मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलं तेव्हा त्याने पहिल्यांदा हेच विचारलं, “मी आजारी आहे का?” त्या बाई म्हणाल्या, “नाही. जे वचन तू दिलंस ते पाळणं तुला शक्य होतं का, एवढंच मी बघतेय.” किती साधं बोलल्या! संहितेत एवढं साधं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

तिच्या आईला रात्ररात्र झोप नव्हती, नात अनौरस ठरेल या धास्तीने. ठरत नाही. प्रामाणिक समजुतीने झालेल्या लग्नातली मुलं लग्न पुढे अवैध ठरलं तरी औरसच, हे कलम ११३७ मध्ये स्पष्ट आहे. आणि चर्चच्या या निकालाने सरकारदरबारी काहीच बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच ते सांगून टाकलंय. त्यामुळे दोघांनी परस्परसंमतीने घटस्फोटही वेगळा घेतला.

ती सुटली. तो? बाईशी त्याचं लग्न होऊच शकत नव्हतं असा निकाल, आणि पुरुषाशी चर्च लावणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, तीही ‘हे लग्न नव्हे’ असं बजावूनच. हे मला पटत नाही. पण निदान ‘लग्न लावून द्या’ म्हणणाऱ्यांनी धर्माचं नाव पुढे करू नये. त्यांनी लावून दिलेलं लग्न खुद्द त्यांच्या धर्माचा कायदा लग्न मानेलच असं नाही. आणि मधल्या मध्ये कुणाची तरी मुलगी होरपळते.

माझी साक्ष तासभर चालली. बायबलवर हात ठेवून शपथ. समोर फादर, बाजूला टाइप करणाऱ्या सिस्टर, खिडकीत खडखडणारा एसी.

“लग्नाआधी तुम्हाला माहीत होतं?”

“हो, फादर.”

“मग मुलीला का नाही सांगितलं?”

सिस्टरांची बोटं थांबली. मी पाणी प्यायलो.

“वाटलं, लग्न झालं की होईल ठीक.”

त्यांनी ते शब्द तसेच टाइप केले. खाली माझी सही आहे.