अकिलीस नुसता ‘रुसला’ नव्हता

‘इलियडचा नायक अकिलीस म्हणजे एका बाईपायी रुसून बसलेला अहंकारी माणूस. सोबती मरत होते तरी तो हलला नाही, आणि मित्र मेल्यावर सूडाने आंधळा होऊन रणात उतरला. अंग अभेद्य होतं, म्हणजे शौर्याचंही कौतुक नको. हेक्टरचं प्रेत परत केलं तेही देवाचा हुकूम आला म्हणून.’ हा मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा समोर येतो आणि दर वेळी मला तितकाच त्रास होतो. इलियड हे ग्रीक कवी होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य; अकिलीस हा ग्रीकांकडचा सर्वांत मोठा योद्धा, आणि हेक्टर हा त्याचा मित्र पॅट्रोक्लस याला मारणारा ट्रॉयचा राजपुत्र. त्या मजकुरातलं काहीच खरं नाही असं नाही. पण होमरने ज्या मनासाठी 24 सर्ग खर्ची घातले, ते मनच त्यातून गळून पडलं आहे.

अभेद्य अंगाचं आधी संपवू, कारण त्याला फार वेळ लागत नाही. आईने स्टिक्स नदीत बुडवलं आणि टाच तेवढी कोरडी राहिली, ही कथा इलियडमध्ये नाहीच. ती लिखित स्वरूपात सापडते ती स्टेशियस या रोमन कवीकडे, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे होमरनंतर कित्येक शतकांनी. होमरच्या अकिलीसला जखम होते. एकविसाव्या सर्गात अ‍ॅस्टरोपेयस एकाच वेळी दोन भाले फेकतो, त्यातला एक अकिलीसच्या उजव्या हाताला चाटून जातो आणि रक्त उसळतं. आपण मरणार हे या माणसाला पक्कं माहीत आहे. हे काढून घेतलं तर त्याच्या एकाही निर्णयाला वजन उरत नाही.

आता ‘बाईपायी’. भांडण सुरू कुठून होतं ते पाहा. अपोलोचा पुजारी क्रायसीस आपली पकडलेली मुलगी सोडवायला खंडणी घेऊन येतो. ग्रीकांचा सेनापती राजा अगामेम्नॉन त्याला हाकलून देतो. मग छावणीत साथ पसरते, नऊ दिवस चिता जळत राहतात. दहाव्या दिवशी सभा बोलावतो तो अकिलीस. कारण सांगायला ज्योतिषी कॅल्कास घाबरतो, तेव्हा ‘मी जिवंत असेपर्यंत तुला कोणी हात लावणार नाही’ असं अभय देतो तोही अकिलीस. अगामेम्नॉन मुलगी परत करायला तयार होतो, पण बदल्यात सैन्याने अकिलीसला दिलेला मानाचा वाटा, म्हणजे ब्रिसेइस, उचलून नेतो. तिचा विचार कोणीच करत नाही, हे खरं आहे आणि ते बोचतं. पण अकिलीसचा प्रश्न वेगळा आहे. तो म्हणतो, ट्रोजनांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, माझी गुरं नेली नाहीत, माझ्या फ्थिया देशातलं पीक नासवलं नाही. मी आलो तो तुझ्यासाठी आणि तुझ्या भावासाठी. जो लढतो त्याचा वाटा जो लढत नाही त्याने हिसकावायचा, हा कुठला न्याय?

आणि तिथेच होमर त्याची छाती उघडून दाखवतो. तलवार उपसून राजाला ठार करावं की राग आवरावा, यात त्याचं काळीज दुभंगतं. तलवार म्यानातून अर्धी बाहेर आलेली असताना देवी अथीना मागून त्याचे केस धरते. ती फक्त त्यालाच दिसते. तो तलवार परत म्यानात घालतो. ब्रिसेइसला न्यायला दोन दूत येतात आणि भीतीने थबकतात, तेव्हा हा ‘अहंकारी’ माणूस त्यांना म्हणतो, या, तुमचा यात काही दोष नाही.

सोबत्यांना मरू देण्याचा आरोप मात्र मी झटकणार नाही. अकिलीस नुसता बाजूला बसत नाही, तो आईला सांगून देवांचा राजा झ्यूस याच्याकडून ग्रीकांचा पराभव मागून घेतो. हे भयंकर आहे आणि काव्य ते लपवत नाही. पण ‘रुसला’ या शब्दात हे मावत नाही. रुसलेला माणूस मनासारखं मिळालं की उठतो. नवव्या सर्गात अगामेम्नॉन समजूत घालायला ओडिसियस, फीनिक्स आणि एजॅक्स या तिघांना पाठवून सात तिवया, दहा टॅलेंट सोनं, बारा घोडे, सात नगरं, आपली एक मुलगी आणि स्वतः ब्रिसेइससुद्धा देऊ करतो. अकिलीस घेत नाही. का? ओडिसियस देणग्यांची यादी घडाघडा म्हणून दाखवतो, पण राजाचं शेवटचं वाक्य गाळतो: ‘त्याने माझ्यापुढे वाकावं, मी त्याच्याहून मोठा राजा आहे.’ हे गाळलेलं वाक्य अकिलीसच्या कानावर कधीच पडत नाही, तरी त्याला ते ऐकू आल्यासारखं वाटतं. तो म्हणतो, मनात एक ठेवून तोंडाने दुसरं बोलणारा माणूस मला नरकाच्या दाराइतका नकोसा वाटतो. मग तो अख्ख्या वीरधर्मालाच हात घालतो. भेकड आणि शूर दोघांना सारखाच मान मिळत असेल, दोघंही सारखेच मरत असतील, तर लढायचं कशाला? गुरं-मेंढरं लुटून आणता येतात, पण दातांच्या कुंपणाबाहेर गेलेला प्राण परत आणता येत नाही. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत: इथे राहिला तर मरण आणि अक्षय कीर्ती, घरी गेला तर दीर्घ आयुष्य आणि विस्मृती.

गंमत म्हणजे ‘एका बाईपायी’ हा आरोप आजचा नाहीच. तो त्याच सर्गात एजॅक्सने त्याच्या तोंडावर केला आहे: लोक भावाच्या खुनाचीही भरपाई घेऊन राग सोडतात, आणि तू एका मुलीपायी! अकिलीसचं उत्तर माझ्या मते सगळ्या काव्याची किल्ली आहे. तू बोललास ते मला जवळजवळ पटतं, तो म्हणतो, पण त्याने चारचौघांत मला कुठल्या उपऱ्यासारखं वागवलं ते आठवलं की काळीज रागाने फुगून येतं. पटतंय आणि जमत नाहीये. तिघांना दिलेली त्याची उत्तरं ओळीने वाचा. ओडिसियसला तो म्हणतो, उद्या निघतो. वृद्ध फीनिक्सला म्हणतो, जायचं की राहायचं ते उद्या ठरवू. आणि एजॅक्सला सांगतो, हेक्टर माझ्या जहाजांपर्यंत आला तर लढेन. एकाच रात्रीत तो दोनदा सरकला आहे.

‘सूडाने आंधळा’ हे अर्धंच खरं. बारा ट्रोजन तरुणांना तो पॅट्रोक्लसच्या चितेवर बळी देतो, हेक्टरचं प्रेत रथामागून फरफटवतो; याचं समर्थन कोणी करू नये. पण तो आंधळा नाही. हेक्टरला मारलंस की लगेच तुझं मरण, असं आई सांगते, तेव्हा तो म्हणतो, मग आत्ताच येऊ दे, मित्र मारला जात असताना मी उपयोगी पडलो नाही, जमिनीला भार होऊन इथे बसून राहिलो. क्रोध मधापेक्षा गोड असतो आणि छातीत धुरासारखा भरत जातो, तो देवा-माणसांतून नाहीसा होवो, हेही तोच म्हणतो. त्याचा सर्वांत मोठा राग स्वतःवर आहे. म्हणून तर हेक्टर मेल्यावरही त्याला झोप लागत नाही.

राहिला देवाचा हुकूम. हुकूम आला होता, आणि त्याने तो लगेच मानला, हे बरोबर. पण हुकूम होता तो खंडणी घेऊन प्रेत देण्याचा. ज्या हातांनी आपली मुलं मारली ते हात हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम चुंबतो आणि ‘तुझ्या बापाला आठव’ म्हणतो, तेव्हा अकिलीसने त्याच्याबरोबर रडावं असं झ्यूसने सांगितलं नव्हतं. आपला म्हातारा बाप तिकडे एकटा असताना मी इथे ट्रॉयला बसून तुला आणि तुझ्या मुलांना छळतो आहे, हे वाक्य कोणी त्याच्या तोंडी घातलेलं नाही. प्रेत बाजूला नेऊन धुवायला तो सांगतो, कारण ते बघून प्रायम भडकला तर आपलाच तोल जाईल आणि आपण त्याला मारून टाकू, ही भीती त्याला आहे. मग तो स्वतःच्या हातांनी हेक्टरला उचलून तिरडीवर ठेवतो, प्रायमला जेवायला बसवतो आणि विचारतो, अंत्यविधीला किती दिवस लागतील? नऊ दिवस शोक, दहाव्याला दहन, अकराव्याला समाधी, असं प्रायम सांगतो. बाराव्याला लढू, लढायचंच असेल तर, असंही तो म्हणतो. तेवढे दिवस सैन्य थांबवून धरतो, असा शब्द अकिलीस देतो आणि म्हाताऱ्याला भीती वाटू नये म्हणून त्याचं उजवं मनगट हातात धरतो. पुढच्या चार-पाच ओळींत तो झोपलेला दिसतो, शेजारी ब्रिसेइस. त्यानंतर इलियडमध्ये तो पुन्हा दिसत नाही.