धूळ तेवढी आमची

इंजिन व्यवस्थित चालू असेपर्यंत वॉरंटीला कधीच काही अडचण नसते. शोरूमवाल्यांनी बॉनेटला हार घालून चावी देताना सांगितलं होतं, "इंजिनचं टेन्शन आता आमचं." ते टेन्शन पारोळ्याच्या अलीकडे, भर हायवेवर, खडखड आवाज करत माझ्याकडे परत आलं.

ढाब्याशेजारच्या मेकॅनिकने नुसता आवाज ऐकला आणि म्हणाला, "भाऊ, इंजिन तं गयं." बॉनेटला त्याने हातही लावला नाही, हे नमूद करून ठेवतो, लावला असता तर वॉरंटीने तिथेच प्राण सोडला असता.

टोचन करून गाडी जळगावला नेली. वर्कशॉपमध्ये इंजिन खोललं. ट्रेमध्ये पिस्टन मांडून ठेवले होते, त्यांच्या अंगावर उभे ओरखडे, रिंगा झिजलेल्या, खाली काढलेल्या तेलात चमकणारी कणी. सगळी मंडळी दशक्रियेला आल्यासारखी हात बांधून उभी. फोटो निघाले, कंपनीकडे गेले, आणि यथावकाश मेल आला: इंजिनमध्ये धूळ गेली आहे, हे बाह्य कारण आहे, सबब क्लेम नामंजूर.

आता धूळ अडवणं हे एअर फिल्टरचं काम. फिल्टर कंपनीचा, बसवणारा माणूस कंपनीच्या वर्कशॉपचा, बदलल्याची नोंद त्यांच्याच बिलांवर. फिल्टरच्या कडेने धूळ आत जाते, सिलिंडर घासला जातो, रिंगा ढिल्या पडतात, इंजिन तेल पिऊ लागतं. या सगळ्या प्रवासात माझा सहभाग म्हणजे मी स्टिअरिंगवर होतो.

कस्टमर केअरच्या ताईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो." समजून झाल्यावर त्यांनी मला माहितीपुस्तिकेतलं एक पान वाचायला सांगितलं. धुळीचे रस्ते आणि जास्त तापमान म्हणजे म्हणे 'तीव्र परिस्थिती'. अहो, भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तरी लोक लग्नं लावतात, वरातीत नाचतात! तीव्र परिस्थितीत गाडी चालवायची नाही म्हटलं तर खान्देशात ती दिवाळी ते होळी चालवायची आणि उरलेलं वर्ष पुसायची. विकताना मात्र जळगाव म्हणजे महाबळेश्वर असल्यासारखी विकली होती. जाहिरातीत तर हीच गाडी वाळू उडवत वाळवंटातून धावते. तिचा फिल्टर बहुधा वेगळा असावा.

मग 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. तिथून पुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. गाडीची किंमत 5 ते 10 लाखांत असेल तर फी 200 रुपये. एवढ्यात इंजिन ऑइलचा डबाही येत नाही.

नोटीस पोचली आणि चमत्कार झाला. आजवर इंग्रजीत खेद व्यक्त करणारी कंपनी फोनवर शुद्ध मराठीत बोलू लागली. "सर, सद्भावना म्हणून पार्ट आम्ही देतो, लेबर तुम्ही भरा." म्हटलं, सद्भावना मेलवर पाठवा. त्यावर साहेब म्हणाले, वरिष्ठांशी बोलून कळवतो. वरिष्ठ अजून सापडलेले नाहीत.

तारीख मे महिन्यातली पडली आहे. कंपनीचे वकील पुण्याहून स्वतःच्या गाडीने येणार आहेत असं कळतं. बरंच झालं, तीव्र परिस्थितीचा पंचनामा जागेवरच होईल.