पक्षकाराला चर्चासत्राला कसं बोलवावं

न्यायालयीन सुधारणांवर संशोधन करताय? छान. मग कोर्टाची पायरी झिजवलेली माणसं हवीतच. परवा सोलापुरात अशाच एका चर्चासत्राला मला बोलावलं होतं. वडिलांनी टाकलेला वाटपाचा दावा मला वारसाहक्काने मिळालाय, जमीन मिळायचीय. तिथं जे शिकलो, ते तुमच्या कामी येईल.

वेळ कामाच्या दिवशी सकाळी अकराची ठेवा. नेमका तेव्हाच कोर्टात पुकारा सुरू होतो.

संमतीपत्र इंग्रजीत असू द्या. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू सगळंच चालतं, उगाच वाद नको.

बिल्ल्यांवर तज्ज्ञांची नावं छापा. आमच्या बिल्ल्यावर 'पक्षकार' एवढं पुरे.

भाषणात कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं कौतुक विसरू नका. १८ ऑगस्ट २०२५ पासून आपलं हायकोर्टाचं काम तिकडं गेलं, मुंबईची फेरी वाचली, हे खरंच चांगलं झालं. खालच्या कोर्टातून दावा वर जाईल तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवू.

आणि पक्षकार बोलायला लागला की घड्याळ बघा. माझ्या शेजारी एक विडी कामगार मावशी होत्या. मजुरी हजार विड्यांवर, म्हणजे त्या दिवसाची बुडालीच. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद. माईक हातात आल्यावर म्हणाल्या, "साहेब, आत पुकारतेत ते बाहेर ऐकूच येत नाय ओ." त्या लघवीला खाली गेल्या, वकील दुसऱ्या कोर्टात, तेवढ्यात पुकारा झाला आणि दावा गैरहजेरीत निकाली. आता तो पुन्हा उघडायचा अर्ज चाललाय, त्याच्याही तारखा पडतायत. सूत्रसंचालक हसून म्हणाले, "वैयक्तिक प्रकरणात नको जायला." आणि पडद्यावर ई-कोर्टच्या, म्हणजे कोर्टं संगणकावर आणायच्या सरकारी योजनेच्या, तिसऱ्या टप्प्याचे ७,२१० कोटी झळकले.

अहो, वैयक्तिक ऐकायलाच बोलावलं होतं ना? एवढ्या कोटींत व्हरांड्यात एक कर्णा बसत नाही? सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी, म्हणजे पुढच्या तारखा, देऊ नयेत, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून लिहिलंय. ते पाळलं जातं का, हे त्या पिशवीतल्या कागदांवरून कळलं असतं. पिशवी उघडून बघितली कुणी? जेवणाच्या रांगेत मात्र सगळे तज्ज्ञ पुढं.

आता सरळ सांगतो. आम्हाला बोलवायचं तर प्रश्न ठरवायच्या आधी बोलवा, अहवाल लिहून झाल्यावर शोभेला नको. वक्त्यांना मानधन देता, तर मावशींची बुडालेली मजुरी आणि रिक्षाभाडं द्या. तेलुगू येणारा एक माणूस बसवा. त्या काय बोलल्या ते अहवालात घाला आणि छापून आल्यावर त्यांना वाचून दाखवा. एवढंही होत नसेल, तर आमचे फोटो लावून निधी मागत फिरू नका.